विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ मिळते, पुढे तीही नाही. विंडोज ११ घ्यावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी घेतलेले लॅपटॉप कितीही धडधाकट असले तरी या चाळणीतून खाली पडतात.

आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप असाच. २०१६ चा, आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. काकू निवृत्त शिक्षिका आहेत आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. इतिवृत्त, नोटिसा, मेंटेनन्सचा हिशोब, नातवाशी व्हिडिओ कॉल, बँक आणि वीजबिल एवढं त्यांचं काम. दुकानदाराने त्यांना सरळ सांगितलं, नवा घ्या. मला ते पटलं नाही. त्या लॅपटॉपची स्क्रीन ठीक होती, कीबोर्ड ठीक होता. अशी मशीन भंगारात देणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

आज त्यांच्याकडे लिनक्स मिंट चालतं. ते कसं बसवलं, त्याआधी काय काय केलं आणि कुठे अडलं, ते तुमच्यासाठी क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक जण नेमकं तिथेच चुकतात: पेनड्राइव्ह लावून सिस्टिम टाकणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. दुपारच्या चहाला सुरुवात केली तर दिवेलागणीआधी उरकतं. खरं काम त्याच्या आधीच्या महिन्यात, विंडोजवर बसूनच करायचं असतं.

लिनक्स म्हणजे काय, थोडक्यात

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर जगभरातल्या लोकांनी काम केलं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच. या गाभ्याभोवती मेनू, खिडक्या, प्रोग्रॅम असं सगळं बांधून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबंटू, फेडोरा, डेबियन अशी शेकडो डिस्ट्रो आहेत. केरळमधल्या सरकारी शाळांत तर गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात.

शेकडोंतून निवडायचं कुठलं, यात आठवडे घालवू नका. विंडोजवरून येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावं, असं माझं स्वच्छ मत आहे. २००६ पासून ते चालू आहे, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघड्या खिडक्यांची पट्टी अशी त्याची मांडणी आहे. एमएस-सीआयटी करताना ज्या मांडणीवर आपला हात बसला, जवळजवळ तीच. त्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

मिंटचे तीन अवतार मिळतात. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्या. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, ते हलकं आहे. तिसरं माटे, दोन्हींच्या मधलं, त्यात पडायची गरज नाही. प्रोसेसर ६४-बिट हवा, पण गेल्या पंधरा वर्षांतले जवळपास सगळे तसेच आहेत.

आधी एक कागद घ्या

आठवडाभर कॉम्प्युटरवर जे जे कराल ते कागदावर लिहीत जा. प्रोग्रॅमचं नाव नाही आठवलं तरी चालेल, काम लिहा. "पावती छापली", "मुलीच्या प्रोजेक्टचे फोटो कापले", "जीएसटी भरला". आठवड्याच्या शेवटी कागदावर तीन प्रकारची कामं दिसतील.

पहिला प्रकार ब्राउझरमधली कामं. बँक, ईमेल, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट, सातबारा, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब. यांना काही फरक पडत नाही. मिंटमध्ये फायरफॉक्स आधीच असतो, क्रोम हवा तर तोही बसतो.

दुसरा प्रकार, ज्याला चांगला पर्याय आहे. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, फोटो कापायला आणि सुधारायला गिंप, चित्ररेखाटनासाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, सिनेमा-गाण्यांसाठी व्हीएलसी. झूमचा लिनक्ससाठी वेगळा प्रोग्रॅम मिळतो.

तिसरा प्रकार अवघड, आणि इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन नावाच्या सोयीतून ते लिनक्सवर चालवायची खटपट लोक करतात, पण दुकानाचा हिशोब अशा खटपटीवर टांगून ठेवू नये. फोटोशॉप आणि कोरलड्रॉवर ज्यांचं पोट आहे, त्यांनीही विंडोज काढू नये. डीटीपी करणाऱ्या मित्रांना मी हेच सांगतो. एक्सेलमध्ये मोठमोठे मॅक्रो लिहिलेले असतील तर ते लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्या टोकनच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का आणि तुमचं पोर्टल तो स्वीकारतं का, हे दोन्ही आधी तपासा.

तिसऱ्या प्रकारात एकही काम नसेल तर निर्धास्त पुढे जा. एक-दोन असतील तर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचे मार्ग आहेत, ते पुढे येतात. तिसराच प्रकार भरलेला असेल तर हा बदल आज तुमच्यासाठी नाही.

प्रिंटर

प्रिंटरसाठी वेगळं थांबतो, कारण घरोघरी अडतं ते इथे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटला लगेच ओळखू येतात. ब्रदर आपल्या प्रिंटरसाठी लिनक्सचे ड्रायव्हर देतं. वायफायवर चालणारे अलीकडचे बरेचसे प्रिंटर तर ड्रायव्हरशिवायच छापतात. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि लहान ऑफिसांत जो सर्रास दिसतो, तो कॅननचा एलबीपी २९०० स्वतःच्या वेगळ्या भाषेत बोलणारा प्रिंटर आहे. त्याला लिनक्सवर चालवता येतं, पण नवख्याला तासन् तास लागू शकतात. तुमच्याकडे तो असेल तर हाताशी जाणकार माणूस ठेवा.

महिनाभर विंडोजवरच राहा, पण प्रोग्रॅम बदला

माझ्या मते यशाचं गमक इथे आहे. लिबरऑफिस, फायरफॉक्स, गिंप, व्हीएलसी हे सगळे विंडोजवरही मोफत मिळतात. ते आजच टाका आणि महिनाभर त्यांच्यातच काम करा. वर्ड तिथेच असू द्या, अडलं तर उघडता येईल. महिन्याभरात हात वळतो. मग ज्या दिवशी खालची सिस्टिम बदलेल त्या दिवशी तुमचे रोजचे प्रोग्रॅम तेच असतील, अनोळखी राहील ती फक्त भोवतालची मांडणी. सगळं एका दिवसात बदललं की माणूस बावरतो आणि चौथ्या दिवशी "मला आपलं जुनंच द्या" म्हणतो. मी हे तीन घरांत पाहिलं आहे. तिथे घाई माझी होती.

लिबरऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. त्यात रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगळा धरला जातो. पर्यायांच्या खिडकीत भाषेच्या विभागात जा, जटिल लिपींची खूण चालू करा आणि तिथली भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या विभागात त्या लिप्यांसाठीचा मूळ फॉन्ट आणि आकार ठरवा. हे केलं नाही तर मराठी अक्षरं एका आकाराची आणि आकडे दुसऱ्याच आकाराचे असा बेंगरूळ कागद छापून येतो.

जुन्या मराठी फाइली

काकूंच्या फोल्डरमध्ये २००९ पासूनची इतिवृत्तं होती. त्यातली २०१४ पर्यंतची श्रीलिपीत टाइप केलेली. मिंटच्या चाचणीत एक उघडली, तर "सर्वसाधारण सभा" ऐवजी कंस, टिंबं आणि उच्चारखुणा लावलेली इंग्रजी अक्षरं. काकूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सहा वर्षांचं दप्तर गेलं.

ते जात नाही. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची वेगळी जागा देणारी पद्धत, रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचा सुरेख अशा फॉन्टांत मराठीचं प्रत्येक अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. फाइलीत खरोखर साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं, आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. फॉन्ट नसला की पोशाख उतरतो. हे दुसऱ्या कुठल्याही विंडोज मशीनवरही होतं, लिनक्सचा त्यात दोष नाही.

यावर दोन उपाय, दोन्ही विंडोज चालू असतानाच करायचे. पहिला: ज्या फाइली फक्त वाचायच्या आणि जपायच्या आहेत त्या त्याच मशीनवर पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, कुठेही उघडली तरी तशीच दिसते. दुसरा: ज्या फाइलींत पुढेही बदल करायचे आहेत त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा. यासाठी मोफत रूपांतरकं मिळतात, फक्त तुमचा फॉन्ट नेमका कुठला ते आधी बघा, कारण प्रत्येकाची कोष्टकं वेगळी. रूपांतर झालं की एकदा डोळ्याखालून घाला. रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे गेलेली असते. काकूंनी सहा वर्षांची इतिवृत्तं पीडीएफ केली आणि सोसायटीची उपविधींची फाइल तेवढी युनिकोडमध्ये आणली. दोन संध्याकाळी लागल्या.

बॅकअप, आणि एक ४८ आकडी नंबर

बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळं उतरवा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स लक्षात राहतात, पण डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइली, डाउनलोड फोल्डर आणि डी ड्राइव्हमधला "नवीन फोल्डर २" राहून जातो. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी जोडून ठेवा. ईमेल आउटलुकमध्ये उतरवून घेत असाल तर ती साठवण फाइलही घ्या. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

आता तो नंबर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. बूटच्या सेटिंग्जला हात लागला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. एका मित्राच्या लॅपटॉपवर ती न घेताच मी सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा-सेटिंग बंद केली. की होती त्याच्या एका जुन्या ईमेल खात्यात, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याने कधीच सोडून दिला होता. सेटिंग पुन्हा होती तशी केल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण त्या दोन तासांत आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुम्ही आधीच सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, चालू असेल तर ती की कागदावर उतरवून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करा. पूर्ण उलगडायला तास-दीड तास लागू शकतो, मध्येच थांबवू नका.

त्याच बैठकीत विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि मिंटमधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

एसएसडी: खर्च करायचा तर इथे

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क असेल तर २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क घ्या. वेगात जो फरक पडतो तो लिनक्समुळे जितका, त्याहून जास्त या बदलामुळे पडतो. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा: जुनी डिस्क विंडोजसकट, सगळ्या फाइलींसकट, जशीच्या तशी कपाटात राहते. मिंट नाही जमलं तर चार स्क्रू काढून ती परत बसवायची, पंधरा मिनिटांत तुम्ही जिथे होतात तिथे. नवख्या माणसाला यापेक्षा सुरक्षित रस्ता मला माहीत नाही. टॅलीसारखं एखादं काम महिन्यातून एकदाच लागत असेल, तर ती जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून तिच्यावरून विंडोज चालवायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्यासाठी खाली सांगितलेलं ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवणं बरं.

पेनड्राइव्ह तयार करणं

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एकत्र बांधलेली प्रत उतरवा, ती तीन जीबीच्या आसपास असते, भारतातला मिरर (त्याच फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) निवडला तर लवकर येते. दुसऱ्या कुणी पाठवलेली, टेलिग्रामवर मिळालेली फाइल वापरू नका.

फाइल उतरली की ती जशीच्या तशी आली का ते तपासा. संकेतस्थळावर त्या फाइलीचा ६४ अक्षरांचा शा-२५६ ठसा दिलेला असतो. तुमच्या फाइलीचा ठसा विंडोजमध्येच काढता येतो, पद्धत मिंटच्या त्याच पानावर आहे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेल्या फाइलीने इन्स्टॉल मध्यावर अडकतं आणि दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो.

मग रुफस हा लहानसा मोफत प्रोग्रॅम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, बाकी काही न बदलता स्टार्ट दाबा. दहा मिनिटं.

टाकायच्या आधी चालवून बघा

लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरमध्ये बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९ किंवा एस्केप, आसूसमध्ये एस्केप किंवा एफ ८. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्याच्यावरूनच सुरू होतं. डिस्कला अजून हातही लागलेला नाही.

इथे घाई करू नका. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा, प्रकाश कमी-जास्त करा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर लावून एक पान छापा. पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे सगळं जरा संथ वाटेल, ते धरू नका. वायफाय दिसलंच नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट द्या. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून एका क्लिकमध्ये बसतात.

काकूंच्या मशीनवर सगळं पहिल्याच फटक्यात चाललं. त्यांनी पत्त्यांचा डाव शोधला, तो नव्हता. नंतर टाकून दिला.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषा विचारेल. मराठी निवडता येते, पण भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही आणि अडल्यावर मदत शोधायला इंग्रजी नावं उपयोगी पडतात, म्हणून सुरुवातीला मी इंग्रजीच ठेवायला सांगतो. मराठी लिहिण्या-वाचण्याशी याचा संबंध नाही. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या भागांची) खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला लावेल, तो लिहून ठेवा, पुढच्या स्टार्टला निळ्या पडद्यावर एकदाच विचारतो.

मग येतो एकमेव धोक्याचा पडदा. "डिस्क पुसा आणि मिंट टाका" की "विंडोजच्या शेजारी टाका". नवी एसएसडी बसवली असेल तर पहिला पर्याय डोळे मिटून. जुन्याच डिस्कवर दोन्ही ठेवायचे असतील तर दुसरा, आणि मिंटला निदान १०० जीबी जागा सोडा. २० जीबीतही ते बसतं, पण फोटो आणि अपडेट येऊ लागले की गुदमरतं. पुढे जाण्याआधी कुठली डिस्क निवडली आहे, तिचा आकार किती आहे ते दोनदा वाचा. बाहेरची बॅकअप डिस्क या वेळी लावलेली असता कामा नये.

वेळेचा विभाग कोलकाता ठेवा, नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड रोज लागेल, प्रोग्रॅम टाकतानाही लागेल. एसएसडीवर वीसेक मिनिटांत काम होतं.

दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना एक गंमत दिसू शकते: विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. नेट जोडलेलं असलं की थोड्या वेळात आपोआप सुधारतं.

पहिली संध्याकाळ

स्वागताची खिडकी उघडेल, ती बंद करू नका, कामं क्रमानेच दिलेली आहेत. आधी टाइमशिफ्ट लावा. ते सिस्टिमचे टप्पे साठवून ठेवतं आणि काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतं. पण तुमचे फोटो आणि फाइली ते सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. मग अपडेट मॅनेजरमधून सगळे अपडेट घ्या. मग ड्रायव्हर मॅनेजर, एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर इथला शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. शेवटी फायरवॉलचं बटण चालू करा.

प्रोग्रॅम टाकायचे ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, फोनच्या प्ले स्टोअरसारखं. विंडोजच्या सवयीने गूगलवर शोधून ईएक्सई फाइल उतरवू नका, ती इथे चालतच नाही. आणि कुणीही इंटरनेटवर दिलेली कमांड काय करते ते कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. मिंट वापरायला रोज टर्मिनल लागत नाही. काकूंनी ते आजवर उघडलेलं नाही.

मराठी टायपिंग

आता "दुसऱ्या" या शब्दाकडे येऊ. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला तो एवढ्यासाठीच. त्यांना "दुसर्या" असं रफार चढलेलं येत होतं, आणि सेक्रेटरीच्या नोटिशीत असं चालणार नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मिंटमध्ये मराठीचे दोन रस्ते आहेत. ज्यांना इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येते त्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडायची, आणखी काही टाकावं लागत नाही. "दुसऱ्या" यासाठी इंग्रजी कळा अशा: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. नुसत्या जे कळीवर साधा र आहे, शिफ्टसह ऱ, आणि डी म्हणजे पाय मोडायची खूण. ऱ चा पाय मोडून य लावला की तो अर्धचंद्र मिळतो. "पुढाऱ्याने", "सुऱ्या", "वाऱ्यावर" सगळं याच वाटेने.

ज्यांना "dusarya" असं रोमनच्या उच्चाराने टाइप करायची सवय आहे, म्हणजे आपल्या भाषेत इंग्रजी अक्षरांतून मराठी, त्यांनी आयबस हा टायपिंगच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावं. त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन अशा पद्धती मिळतात. इनपुट मेथडच्या सेटिंगमध्ये आयबस निवडा, एकदा लॉगआउट होऊन परत या, आणि भाषा बदलायची कळ ठरवून घ्या.

फॉन्टांची चिंता करू नका. मंगल इथे नसतो, कारण तो मायक्रोसॉफ्टचा आहे, पण त्यात लिहिलेली युनिकोड फाइल नोटो किंवा लोहितमध्ये व्यवस्थित दिसते, फक्त ओळी थोड्या सरकतात. लोहित हे नाव छान आहे, रेड हॅट कंपनीने खुला केलेला फॉन्ट म्हणून "लाल". छापायला देखणं हवं असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट, किंवा मथळ्यांसाठी ‘बलू’ घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि मराठी अक्षरवळण जाणणाऱ्या लोकांनी केलेले आहेत.

फाइल दुसऱ्याला पाठवताना ती बदलायची नसेल तर पीडीएफ पाठवा, बदलायची असेल तर वर्डच्या डॉक्स स्वरूपात जतन करून पाठवा. समोरच्याला तुम्ही कशात लिहिलंत ते कळतही नाही.

अडलं तर

सी आणि डी ड्राइव्ह शोधत बसाल, ते नाहीत. तुमचं सगळं होम या फोल्डरमध्ये असतं, बाहेरच्या डिस्क फाइल्सच्या खिडकीत डावीकडे दिसतात. फाइलीच्या इंग्रजी नावात लहान-मोठं अक्षर वेगळं मानलं जातं, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर गोंधळू नका.

शिकायला आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे. लिनक्स, लिबरऑफिस, गिंप अशा विषयांवर दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि त्यांतले पुष्कळसे मराठी आवाजात. एका वेळी एक धडा बघायचा आणि शेजारी तेच करून पाहायचं. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, पीएलयूजी नावाचा, तिथे नवख्याला कुणी हसत नाही.

कुणालाही मदत मागताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन नावाची खिडकी आहे, तिच्यात लॅपटॉपचं मॉडेल, वायफाय आणि ग्राफिकची चिप, मिंटची आवृत्ती सगळं एकत्र दिसतं. ते कॉपी करून लिहा, काय करत होतात आणि पडद्यावर नेमकी कुठली अक्षरं आली ते लिहा. उत्तर त्याच दिवशी मिळायची शक्यता किती तरी वाढते.

आणि कपाटातली ती जुनी डिस्क वर्षभर तशीच राहू द्या. तिच्यावर तारीख घालून चिठ्ठी चिकटवा. काकूंच्या डिस्कवर लिहिलंय, "विंडोज, जुनी इतिवृत्तं, पुसू नये."